माया तपासू नका, तार तपासा

चीनमध्ये एक वाक्य गेली अनेक वर्षं लोकांच्या तोंडी आहे: ‘नवा देश स्थापन झाल्यावर प्राण्यांनी मायावी रूप घ्यायचं नाही.’ असं कलम कुठल्याही कायद्यात नाही. सेन्सॉरचं वागणं पाहून लोकांनीच ते रचलं. ‘नवा देश’ म्हणजे १९४९ नंतरचा साम्यवादी चीन. त्याला आधार मात्र कायद्यात सापडतो. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या तिथल्या चित्रपट उद्योग प्रोत्साहन कायद्याच्या सोळाव्या कलमात चित्रपटात काय असू नये याची यादी आहे. अंधश्रद्धेचा प्रसार हा त्या यादीतला एक मुद्दा. अंधश्रद्धा कशाला म्हणायचं, हे कलम सांगत नाही. मग अंदाज बांधणं निर्मात्याकडे येतं. कोल्हीची बाई झालेली चालते, पण कथा जुन्या राजवटीत घडलेली असावी आणि शक्यतो एखाद्या अभिजात ग्रंथाचा आधार असावा. गोष्ट आजच्या शहरातली असेल, तर शेवटी तो सगळा भास होता, औषधाचा परिणाम होता किंवा कुणीतरी केलेली बनवाबनवी होती, असा खुलासा जोडायचा.

या अंदाजाचा सगळ्यात जास्त भार कमी पैशांच्या चित्रपटांवर पडतो. साप, कोल्हा, कोळी, माकड यांनी माणसाचं रूप घ्यायचं आणि कुंग फूच्या मारामारीत खरं रूप उघड करायचं, हा या चित्रपटांचा जुना साचा. २०१४ पासून असे चित्रपट मोठ्या संख्येनं थेट इंटरनेटसाठी बनू लागले. १ जून २०२२ पासून त्यांनाही सरकारी वितरण परवाना लागतो. मोठ्या निर्मात्याकडे पटकथा आधीच तपासून घ्यायला वेळ असतो, पुन्हा शूटिंग करायला पैसा असतो. पंधरा-वीस दिवसांत अख्खा चित्रपट उरकणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे तो आधीच माघार घेतो आणि जे नक्की खपेल तेवढंच करतो.

अंधश्रद्धेविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या महाराष्ट्रात हे कलम अनेकांना योग्यच वाटेल. इच्छाधारी नागिणींच्या मालिकांवर बंदी घाला, असा सूर आपल्याकडेही अधूनमधून लागतोच. आमचं मत याच्या अगदी उलट आहे. रूप बदलणाऱ्या प्राण्यांचा स्वस्त कुंग फू चित्रपट अंधश्रद्धा वाढवत नाही. चमत्काराकडे संशयानं बघायची सवय तो लावतो. सरकारला अशा चित्रपटात लक्ष घालायचंच असेल, तर त्यानं कथेतल्या मायेत घालू नये. सेटवरची माणसं आणि जनावरं खरी असतात, आणि त्यांच्याकडे आज फार कमी लक्ष आहे.

हे पटायला असा चित्रपट बनतो कसा ते आधी बघावं लागेल.

रूप बदलण्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे कॅमेरा थांबवून पात्र बदलणं. जॉर्ज मेलिएसनं १८९६ मध्ये एक बाई पडद्यावरून अदृश्य केली ती अशीच. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवतात, पायांवर वाळूची पोती टाकतात आणि जमिनीवर टेपनं खूण करतात. नट उडी मारून खुणेवर येतो आणि थिजतो, चौकटीतले बाकी सगळेही थिजतात. कॅमेरा थांबतो. नट बाहेर जातो, त्याच जागी कोल्हा किंवा मुखवटा घातलेला दुसरा नट येतो, आणि कॅमेरा पुन्हा सुरू होतो. ऐकायला सोपं वाटतं. बिघाड कॅमेऱ्यात क्वचितच होतो, आजूबाजूला होतो. सूर्य सरकतो आणि सावली उडी मारते. मागच्या नटाची बाही चार बोटं खाली येते. झाडाची फांदी हलते. म्हणून मध्ये धूर घालतात. धूर चौकटीचा निदान दोन-तृतीयांश भाग झाकेल इतका दाट हवा, आणि दोन शॉटची तोडजोड तो सर्वात दाट असताना व्हायला हवी. तरी धुराचे दोन लोट एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. मग संकलक जोडावरच्या दोन ते चार फ्रेम काढून टाकतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं हे सेकंदाचा बारावा ते सहावा भाग होतात. एवढ्यात डोळ्याला झटका जाणवतो, पण नेमकं काय झालं ते कळत नाही.

दुसरी युक्ती वेगाची. मारामारी २४ ऐवजी २२ किंवा २० फ्रेमनं चित्रित करायची आणि २४ नं दाखवायची. २२ नं वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो, २० नं वीस टक्क्यांनी. वीसच्या खाली गेलात की चोरी पकडली जाते. हातपाय वेगवान झालेले प्रेक्षक मान्य करतो, कारण लढवय्या खरंच वेगवान असू शकतो. पण झगा, केस आणि जमिनीवर पडणारी धूळ यांचा वेग गुरुत्वाकर्षण ठरवतं आणि तो वेग प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला असतो. झगा धपकन खाली आला की सगळा डाव उघडा पडतो. म्हणून जाणता फाइट मास्टर वेग वाढवायच्या शॉटमध्ये नटाच्या बाह्या मनगटाशी बांधतो, केस आवळून घेतो आणि जमीन ओली करून ठेवतो. फ्रेम कमी केल्यावर प्रत्येक फ्रेमला प्रकाश जास्त वेळ मिळतो. २० फ्रेमला हा फरक साधारण पाव स्टॉपचा असतो (स्टॉप हे प्रकाशाचं माप). तो सावरायचा राहिला, तर नेमका मायावी शॉट आजूबाजूच्या शॉटपेक्षा उजळ दिसतो.

तिसरी युक्ती उलट्या चित्रणाची. नट छपरावरून खाली उडी मारतो आणि पडद्यावर फिल्म उलटी फिरवली की तो जमिनीवरून छपरावर झेपावतो. इथं धूर घात करतो, कारण उलटा चाललेला धूर भांड्यात परत शिरताना दिसतो. नटाला डोळ्यांची हालचालही उलट करावी लागते. छपराकडे बघून मग उडी घ्यायची, असं पडद्यावर दिसायला हवं असेल, तर प्रत्यक्षात आधी उतरायचं आणि मग वर बघायचं. घाईच्या शूटिंगमध्ये हे विसरतं, आणि पडद्यावरचा माकडवीर न बघताच झेप घेतो.

चेहऱ्याचं काम सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात आधी फसणारं. पैसे असतील तर फोम लॅटेक्सचे भट्टीत भाजलेले तुकडे वापरतात. नसतील तर द्रव लॅटेक्स आणि कापूस किंवा टिश्यू कागद यांचे तीन-चार थर देतात आणि प्रत्येक थर ड्रायरनं वाळवून मगच पुढचा लावतात. कडा जितकी पातळ तितकी ती त्वचेत मिसळते. नुसत्या संवादांच्या दृश्यात हे तासन्‌तास टिकेल, पण मारामारीत टिकत नाही. घाम डिंकाखाली जमतो आणि तोंडाच्या कोपऱ्यापासून कड सुटायला लागते, कारण चेहऱ्यावर सगळ्यात जास्त हालचाल तिथंच होते. म्हणून शहाणा मेकअपवाला तोंडाभोवतीचा भाग रंगावरच भागवतो आणि लॅटेक्स कपाळ, भुवया, गालाची हाडं एवढ्यावरच ठेवतो. पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीत नाट्यातला माकड तर पूर्वापार फक्त रंगावर उभा आहे. शेपटीचंही एक शास्त्र आहे. आत वाकणारी तार घालून ती शेपटी पँटला शिवली, तर पहिल्याच गोल लाथेत पायाला गुंडाळते. ती कंबरपट्ट्याला लावायची, आणि तीही झटका बसताच सुटेल अशा वेलक्रोच्या जोडानं. नाहीतर तिच्यावर दुसऱ्याचा पाय पडला की झटका थेट पाठीच्या कण्याला बसतो.

या सगळ्याहून अस्सल असं एक रूपांतर आहे, आणि त्याला कसलंच साहित्य लागत नाही. चीनच्या दक्षिणेकडच्या कुंग फूत पाच प्राण्यांची परंपरा आहे: ड्रॅगन, साप, वाघ, बिबळ्या आणि सारस. हुंग गार घराण्यातला वाघ-सारस हा क्रम त्यात विशेष प्रसिद्ध आहे. वाघ म्हणजे मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर येतील अशी खोल बैठक, बोटं आकडेदार, जोर कंबरेतून. सारस म्हणजे एक पाय वर, पाचही बोटांची टोकं जुळवून केलेली चोच आणि पंखासारखा उलगडणारा हात. सापात कणा लाटेसारखा जातो आणि बोटांची टोकं वार करतात. माकडात मान खांद्यांत, मनगटं लोंबती आणि पापण्यांची सतत फडफड. नट तयारीचा असेल, तर कॅमेरा थोडा खाली ठेवून, पूर्ण देह चौकटीत घेऊन, मध्ये न तोडता एकच शॉट घ्यावा. मुखवट्याशिवाय माणसाचा वाघ होताना दिसतो. हाँगकाँगच्या चित्रपटाला असे देह मिळाले ते मुख्यतः ऑपेराच्या शाळांमधून. यू जिम-युएन यांच्या शाळेतून जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ बाहेर पडले. तिथं कोलांट्यांची सुरुवात बालपणात होत असे. शिक्षा कठोर होती आणि तिचं उदात्तीकरण करण्याचं कारण नाही. पण पडद्यावर दिसणारी ती हालचाल म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाचा हिशेब आहे आणि त्यात माया तसूभरही नाही.

आता प्रेक्षकाच्या बाजूनं विचार करा. अशा चित्रपटात त्याला काय दिसतं? धुराआड झालेली तोडजोड दिसते. मागून दिवा लागला की चमकणारी तार दिसते, सुटलेली कड दिसते. तो हसतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि तरीही कथेत रमतो. ‘हे खोटं आहे’ आणि ‘हे मला आवडतंय’ या दोन गोष्टी तो एकाच वेळी मनात धरतो. अंधश्रद्ध माणसाला नेमकं हेच जमत नाही. महागड्या चित्रपटात ही फट बुजलेली असते, स्वस्त चित्रपटात ती उघडी राहते. म्हणून अंधश्रद्धेच्या नावाखाली आधी स्वस्त चित्रपटाचा गळा धरणं, हे उपाय करताना रोगच उलटा ओळखण्यासारखं आहे.

हा संशय या कथांमध्ये मुळापासून आहे. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेकडची यात्रा’ या चिनी कादंबरीत सुन वुकोंग या वानराला बहात्तर रूपं घेता येतात. सहाव्या अध्यायात अर्लांग नावाचा देव त्याचा पाठलाग करतो. वानर चिमणी होतो, तर देव ससाणा होतो. वानर मासा होतो, तर देव मासे टिपणारा पक्षी. शेवटी वानर एक छोटं देऊळ होऊन बसतो. तोंड म्हणजे दार, दात म्हणजे दाराच्या फळ्या, जीभ म्हणजे मूर्ती, डोळे म्हणजे खिडक्या. शेपटी कुठंच मावत नाही, म्हणून तिचा ध्वजस्तंभ करून तो मागच्या बाजूला उभा करतो. देव येतो, बघतो आणि ओळखतो, कारण मागच्या बाजूला ध्वजस्तंभ असलेलं देऊळ त्यानं कधी पाहिलेलं नसतं. सत्ताविसाव्या अध्यायातली हाडांची राक्षसी तरुणी, म्हातारी आणि म्हातारा अशी तीन रूपं घेऊन येते. भोळा भिक्खू तिन्ही वेळा फसतो, वानर तिन्ही वेळा ओळखतो. पू सोंगलिंग या लेखकाच्या सतराव्या शतकातल्या एका कथेत तर एक गृहस्थ खिडकीतून डोकावतो आणि त्याला दिसतं की आपण घरी आणलेली सुंदरी म्हणजे एक पिशाच आहे, ते माणसाचं कातडं अंथरून त्यावर कुंचल्यानं चेहरा रंगवतं आहे. दिसतं त्यावर जाऊ नकोस, मागच्या बाजूला जाऊन बघ, खिडकीतून डोकाव, असं या कथा सांगत आल्या. त्यांना अंधश्रद्धेच्या खात्यात टाकणाऱ्यानं त्या नीट वाचलेल्या नाहीत.

अशी बंदी याआधी एकदा घालून झाली आहे, आणि तिचं काय झालं तेही समोर आहे. १९२८ मध्ये शांघायच्या मिंगशिंग कंपनीनं ‘लाल कमळ मंदिराचं दहन’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक झांग शिचुआन. उडणारे तलवारबाज, हातातून निघणारा प्रकाश, पडद्यावर रंगवून केलेले परिणाम. १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग निघाले. मग नानजिंगच्या कुओमिंतांग पक्षाच्या सरकारच्या सेन्सॉर समितीनं देव-राक्षसांचे आणि मायावी तलवारबाजांचे चित्रपट अंधश्रद्धा म्हणून बंद केले. बंदीच्या बाजूचा युक्तिवाद क्षुल्लक नव्हता. लेखक माओ दुन यांनी १९३३ मध्ये त्या चित्रपटगृहांतल्या प्रेक्षकांचं वर्णन केलं आहे. पडद्यावर तलवारी उडू लागल्या की लोक खरी लढाई चालल्यासारखे ओरडत. प्रत्यक्ष अन्यायाशी झगडायचं सोडून लोक मायेत रमतात, ही त्यांची तक्रार होती.

बंदीनं काय साधलं? अंधश्रद्धा संपली नाही. त्या धाटणीचे चित्रपट हाँगकाँगला गेले आणि तिथं दशकानुदशकं फुलले. शांघायमधलं मूळ काम मात्र नष्ट झालं. अठराही भागांची पूर्ण प्रत आज कुठंच नाही. त्याच काळातला, १९२७ चा, कोळ्यांच्या सात मायावी स्त्रियांचा एक चित्रपट वाचला, तो केवळ योगायोगानं. १९२९ मध्ये तो ओस्लोत दाखवला गेला होता. त्याची प्रत पुढं नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली आणि २०१४ मध्ये तिची प्रत चीनला मिळाली. ज्या कामाला सरकार कचरा म्हणतं ते जपायची तसदी कुणी घेत नाही. सेन्सॉरनं केलेली ही हानी मोजायला नंतर हातात काहीच उरत नाही.

पडद्यावरच्या मायेमुळे अंधश्रद्धा कधीच वाढत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. १९७५ चा ‘जय संतोषी माँ’ आठवावा. लोक चित्रपटगृहात चपला काढून बसत, पडद्यावर फुलं-पैसे टाकत, आणि फारशी माहीत नसलेली एक देवी घराघरांत पोचली. तो चित्रपटही कमी पैशांचाच होता. मग फरक कशात आहे? त्या कथेत प्रेक्षकानं करायची एक कृती होती. सोळा शुक्रवार, गूळ-चणे, आंबट वर्ज्य, आणि मोबदल्यात अमुक फळ. तिकीट काढून आलेल्याला हातात एक विधी मिळत होता. कोल्हीच्या कुंग फूपटात विधी नसतो. कोल्हीला नैवेद्य दाखवा म्हणजे नोकरी लागेल, असं कुणी सांगत नाही. ती नायकाशी लढते, हरते किंवा पळून जाते. काल्पनिक गोष्ट कुठं संपते आणि फसवणूक कुठं सुरू होते, हे ठरवायला हीच कसोटी पुरते: प्रेक्षकाला काही करायला सांगितलं आहे का, आणि त्याच्या बदल्यात काही देऊ केलं आहे का?

आपल्याकडच्या नागाच्या गोष्टींना हीच कसोटी लावावी. नागीण बाई होते, ही कल्पना. साप दूध पितो, मारणाऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यांत उमटतं, विष मंत्रानं उतरतं, ही चुकीची माहिती, आणि तिच्यामुळे माणसं आणि साप दोन्ही मरतात. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात म्हणून तो टक लावून पाहतो असं वाटतं, आणि तहानेनं व्याकूळ करून ठेवलेला साप समोर येईल ते पितो, हे शाळेत शिकवायला हवं. चित्रपटातून बाईची नागीण होणं काढून टाकलं, म्हणून यातलं काहीही सुधारत नाही.

महाराष्ट्रानं हा फरक कायद्यात नेमका पकडला आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत आणि सगळ्या कृतींच्या आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. याच कायद्यात कीर्तन-प्रवचन आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं हे मात्र गुन्ह्याबाहेर ठेवलं आहे. म्हणजे गोष्ट मोकळी आणि इजा बंद. चीनच्या सोळाव्या कलमात ही रेघ नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जे करतात, तेही चमत्काराची बंदी नव्हे. ते चमत्कार करून दाखवतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओततात, थोड्या वेळानं ज्वाला उठते, लोक आ वासतात, आणि मग त्यामागची रासायनिक क्रिया समजावून सांगतात. आधी थक्क करायचं, मग खिडकीतून आत डोकावू द्यायचं. धुंडिराज गोविंद फाळके यांनी हीच वाट धरली होती. चित्रपटात येण्याआधी ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करत. १९१७ मध्ये त्यांनी लंका जाळली, आणि त्याच वर्षी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा लघुपटही काढला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, आधी साध्या मुलीच्या रूपात दाखवलं, चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करायला लावलं, आणि मग ती कृष्ण झाली. देवाचा चित्रपट काढणाऱ्या त्या माणसानं देव कोण झालंय ते आधीच सांगून टाकलं. मायापटांसाठी सरकारला काही करायचंच असेल तर हे करावं: मायावी दृश्यं असलेल्या प्रत्येक चित्रपटासोबत ती कशी केली हे दाखवणाऱ्या पाच मिनिटांच्या चित्रफितीला उत्तेजन द्यावं. सक्ती नको. अनुदान द्या, करात सूट द्या. अशा फिती मुलं मूळ चित्रपटाइतक्याच आवडीनं पाहतात.

आता सेटकडे वळू. इथं कुणी फारसं बघत नाही.

कमी पैशांच्या चित्रपटात नट हवेत उडतो तो तारेवर. कपड्यांखाली हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांना आवळलेल्या पट्ट्यांचा साज असतो, दोन्ही कुल्ल्यांच्या बाजूंना एकेक कडी, दोन तारा वर कप्पीपर्यंत जातात, आणि पलीकडे तीन-चार माणसं दोर ओढतात. तार कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून ती शक्य तितकी बारीक घेतात आणि मागच्या पडद्याच्या रंगात रंगवतात. संगणकावर तार पुसता येऊ लागली, तेव्हापासून जाड तार वापरणं शक्य झालं आहे. पण पुसायला प्रत्येक फ्रेममागे पैसे पडतात, म्हणून हात आखडणारा निर्माता पुन्हा बारीक तारेकडेच वळतो.

यातलं गणित साधं आहे. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची स्टीलची वायर रोप स्थिर वजन सुमारे दोनशे किलो पेलते. ६० किलोच्या नटाला दोन तारा, म्हणजे चारशे किलोची ताकद. कागदावर हे भरपूर दिसतं. पण नट एक मीटर मोकळा खाली आला आणि दोर ओढणाऱ्यांनी त्याला २५ सेंटिमीटरच्या अंतरात थांबवलं, तर थांबवताना सरासरी जोर वजनाच्या पाचपट होतो, म्हणजे ३०० किलो. हेच अंतर दहा सेंटिमीटर झालं तर अकरापट, ६६० किलो. त्यात फिरकी घेताना क्षणभर सगळा भार एकाच तारेवर येतो. तेव्हा दोनशे किलोच्या तारेवर तीनशे किलोचा झटका बसतो. शिवाय गाठ मारली, छोट्या कप्पीवरून तीव्र वाकवली किंवा आधी पीळ पडलेला असला, की मूळ ताकदही कमी झालेली असते. तार तुटते ती अशी. नटाचं वजन तिला कधीच जड नव्हतं. न मोजलेला झटका तिला तोडतो. दुसरा धोका हार्नेसमध्ये असतो. त्यात बराच वेळ लटकलेल्या माणसाच्या मांड्यांचा रक्तप्रवाह अडतो आणि तो बेशुद्ध पडू शकतो. दिव्याची जुळवाजुळव चालली असताना नटाला वर टांगून ठेवणं ही आळसापोटीची क्रूरता आहे.

जनावरांचंही तेच. १९७०-८० च्या दशकांत हाँगकाँग आणि तैवानच्या काही स्वस्त चित्रपटांत खरे साप कॅमेऱ्यासमोर मारले गेले, कारण रबरी सापापेक्षा खरा साप स्वस्त पडत होता. आपल्याकडे २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात जनावर वापरायला प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राआधी ना-हरकत पत्र द्यावं लागतं. नाग तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. हे नियम योग्य आहेत आणि ते कडक राहावेत. मात्र त्याच टेबलावर तारेवर लटकलेल्या फायटरबद्दल एकही कागद मागितला जात नाही, हे आम्हाला मान्य नाही. सापाची चौकशी झालीच पाहिजे, आणि त्याच्याशी लढणाऱ्या माणसाचीही.

मागणी तीनच कागदांची आहे. पहिला, तारेची जाडी, ती कधी विकत घेतली आणि कधी बदलली याची नोंद. पीळ पडलेली किंवा एखादा तंतू तुटलेली तार त्याच दिवशी कापून टाकायची, नाहीतर ती पुढच्या सेटवर जाते. दुसरा, चाचणीची नोंद. नटाच्या दीडपट वजनाचं वाळूचं पोतं त्याच उंचीवरून, त्याच वेगानं, त्याच दोर ओढणाऱ्यांकडून आधी खाली सोडायचं आणि थांबायला किती अंतर लागलं ते मोजायचं. ते अर्ध्या मीटरपेक्षा कमी आलं तर कप्पी किंवा दोराची मांडणी बदलायची. तिसरा कागद नावाचा: शॉट थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, त्याच्या सहीचा. ती सही दिग्दर्शकाची नसावी आणि निर्मात्याची तर नसावीच, कारण प्रकाश जात असताना दोघांनाही आणखी एक टेक हवा असतो.